यंत्रानं सांगितलेलं नाव

बारामती पोलीस ठाण्यातल्या माझ्या नेमणुकीचा विषय निघाला की मला पहिल्यांदा आठवतो तो रक्तपेढीचा गुन्हा. नव्वदच्या दशकात तालुक्यात संगणक नवलाचाच होता. एका खासगी रक्तपेढीने रक्तदात्यांची सगळी माहिती त्यात भरली होती. एका सकाळी ती पुसलेली आढळली. पुसताना वापरलेला पासवर्ड तिथल्या ऑपरेटर मुलीचा होता.

पेढीच्या डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध फिर्याद दिली. मुलगी लोणी भापकरची, घराण्यातली पहिली पदवीधर. ठाण्यात तिच्याआधी तिचे वडीलच बोलले, "सायेब, पोरीनं आसलं काम केलं न्हाय. बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठिऊन सांगतो."

मुलगी रडली नाही. "पासवर्ड माझाच हाय साहेब. पण मी पुसलं न्हाय," एवढंच तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी काहीतरी नवीन जोडतो; तिचा जबाब तसूभरही हलला नाही. मी तिला अटक केली नाही. त्या माहितीची नक्कल असलेल्या फ्लॉपी पेढीतल्या ज्या कपाटात होत्या, ते पुण्याहून तज्ज्ञ येईपर्यंत न उघडता पंचांसमक्ष सील केलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या हवालदाराने खबर आणली. स्टेशनरीवाले चाचा त्याला म्हणाले होते, "पेढीच्या सुपरवायझरनं स्वतःसाठी म्हणून कोऱ्या फ्लॉपींचा डबा नेला. त्यांच्या घरी तर कॉम्प्युटर न्हाय."

मी सुपरवायझरला बोलावलं. माणूस हुशार, बोलणं गोड. आपण महिनाभरात ते कपाट उघडलं नाही, असं त्याने आधीच लिहून दिलं होतं. मी डब्याचा विषयच काढला नाही. चहा दिला आणि सल्ला मागितला, "फ्लॉपींवरून माहिती परत भरता येईल ना?"

"कशी येणार साहेब? त्या तर कोऱ्या आहेत."

"सील अजून तसंच आहे. कोऱ्या आहेत हे तुम्ही कधी पाहिलंत?"

त्याने कप खाली ठेवला. मग तो बोलू लागला. संगणक विभाग त्या मुलीच्या हाती जाणार, हे त्याच्या कानावर आलं होतं. तिच्या मागे उभं राहून त्याने पासवर्ड पाहून ठेवला, खऱ्या फ्लॉपी घरी नेल्या आणि कपाटात कोऱ्या ठेवल्या. मुलगी नोकरीतून गेली की माहिती आपणच परत आणून दाखवायची, असा त्याचा बेत होता.

इंदापूरला त्याच्या घरझडतीत फ्लॉपी सापडल्या. संगणकाच्या गुन्ह्यांचा वेगळा कायदा तेव्हा नव्हता. चोरीची आणि नुकसानीची कलमं लावली. त्याला शिक्षा झाली.

पण माझ्या मनात राहिली ती फ्लॉपी सापडल्यानंतरची एक दुपार. पंचनाम्यानंतर, न्यायालयाच्या परवानगीने, तज्ज्ञांनी माहिती परत भरली. तेवढ्यात एका बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवं असल्याचा निरोप आला. डॉक्टर त्या मुलीकडे वळून म्हणाले, "बाई, बसा तुमच्या जागेवर." तिने वडगाव निंबाळकरचा रक्तदाता शोधून दिला आणि मी जीप पाठवली.

कुलपं आपण बाहेरच्यांसाठी लावतो, किल्ली मात्र आतल्याच कुणाकडे असते, हे मी या प्रकरणात शिकलो. यंत्रानं एक नाव सांगितलं, पण आम्ही तिथे थांबलो नाही, याचा मला अभिमान आहे. संध्याकाळी बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं कळलं, तेव्हा मुलीचे वडील आमच्या हवालदाराला म्हणत होते, "माझ्या पोरीनं शोधला बरं का त्यो रगत देनारा मानूस!"