प्रोफेसरची गाडी आणि आमच्या मंडळाचं मत

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. शर्टाची सुटी बटणं डब्यात साठतात तसे ते साठत राहतात आणि दुसरंच काही शोधताना हाताला लागतात. परवा ट्रंकेत शाळेचे जुने कागद चाळताना रेडिओ केंद्राची चार-पाच कोरी कार्डं निघाली. वर छापलेलं 'श्रोत्यांचे मत'. खाली दोन चौकोन: 'आवडले' आणि 'आवडले नाही'. त्याखाली 'कारण' म्हणून तीन ओळी. झालं, रेडिओ ऐकायला जमणारं आमचं सगळं मंडळ डोळ्यांपुढं येऊन बसलं.

नवं राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. नळदुर्गापासून पाच मैल आत आमचं गाव आणि मी तिथं मास्तर. ग्रामपंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला होता. तो लाकडी पेटीत कुलपात असायचा आणि किल्ली माझ्याकडं. दर गुरुवारी संध्याकाळी एक श्रुतिका लागायची. एक प्रोफेसर आपल्या यंत्रात बसून कधी मागच्या काळात जायचा, कधी पुढच्या. ऐकून झालं की मंडळाचं मत कार्डावर लिहून धाडायचं काम माझं. त्या यंत्राला आमच्याकडं यंत्र कुणी म्हटलंच नाही. सगळ्यांच्या तोंडी 'प्रोफेसरची गाडी'.

*

पहिलाच भाग शंभर वर्षं पुढचा होता. आमचे सरपंच अण्णाराव नळदुर्गच्या रस्त्यासाठी तीन वर्षं अर्ज करत होते. ते अगदी पेटीला कान लावून बसले.

प्रोफेसर सांगत होता, इथली माणसं पाठीला पंखे बांधून उडतात, जमिनीवरून कुणी चालतच नाही. मंडळी खूश! अण्णाराव तेवढे उठले आणि धोतर झटकायला लागले.

"म्हंजी रस्ता न्हाईच झाला," म्हणाले.

मी 'आवडले नाही'वर खूण केली. कारणात एकच शब्द लिहिला: रस्ता.

*

बायका पंचायतीच्या भिंतीपलीकडं बसून ऐकायच्या. त्यांच्या म्होरक्या अण्णारावांच्या घरच्या, भागीरथीकाकू. एका भागात प्रोफेसर सहा महिने जुन्या काळात मुक्काम ठोकतो आणि निघाला त्याच मिनिटाला घरी परततो. बायकोला पत्ताच नाही. ती आपली म्हणते, "बसा, ताट वाढते."

अलीकडं पुरुषमंडळी एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. पलीकडून काकूंचा आवाज आला.

"सहा म्हयने बाहीर हिंडून आला, आन भाकर गरम. मास्तर, ही गोस्ट कुण्या गड्यानंच लिवलीया. तेवढं लिवा कारडावर."

मी अण्णारावांकडं पाहिलं. ते म्हणाले, "लिवा. मला घरी जायचंय."

*

आमच्याकडं वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवर चालायचा. बाजारभाव, भजनं आणि गाणी ऐकून आठवड्यात बॅटरी बसायची. मग आमच्याच गावचा ट्रक ड्रायव्हर लिंगाप्पा ती चार्जिंगला सोलापूरला न्यायचा आणि पुढच्या खेपेला परत आणायचा. त्यात एक गुरुवार हमखास बुडायचा. म्हणजे प्रोफेसर आम्हाला एकाआड एक भेटायचा.

पण याचं दुःख कुणालाच नव्हतं. एका गुरुवारी प्रोफेसर भुयारात अडकलेला असायचा आणि आमच्या पुढच्या गुरुवारी राजाच्या पंगतीला जेवत असायचा. मंडळाचं म्हणणं, काळातली गाडी आहे, उड्या मारतच जाणार. मधला भाग बुडाला म्हणून असं होतं, हे दोनदा समजावून सांगितलं. लिंगाप्पा म्हणाला, "मास्तर, तुमी शाळंत शिकवा. गाडीचं आमाला कळतंय."

शेवटी मंडळाचं मत म्हणून तसंच लिहिलं: 'गोष्ट मधल्या पायऱ्या गाळून उडी मारते, ते फार पटते.' केंद्राकडून उत्तर आलं की इतकं मार्मिक मत आजवर कुणीच कळवलेलं नाही. ते पत्र अण्णारावांनी फ्रेम करून पंचायतीत लावलं.

*

मंडळात मत न देणारा माणूस एकच, मकबूलचाचा. गावचे शिंपी. काजं करायचं काम घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि मान वर न करता ऐकायचे.

एकदा वाद निघाला की त्या गाडीत माणसं किती बसत असतील. लिंगाप्पाच्या मते ड्रायव्हर आणि क्लीनर तरी पाहिजेतच. गलका चालू असताना चाचांची सुई थांबली.

"मास्तर, येक इचारा त्येंना. जाताना येक मानूस आन येताना दोन, आसं जमतंय का?"

चाचांना कुणाला आणायचंय, ते गावाला ठाऊक होतं. त्यांचा धाकटा भाऊ युसूफ त्यांच्याच हाताखाली शिकला. पोलीस ॲक्शनच्या साली त्यानं गिऱ्हाइकाची शेरवानी चुकीची बेतली. चाचा चिडून म्हणाले, "तुला हात न्हाय या कामाचा, जा निघून." पोरगा खरंच निघून गेला. नळदुर्गच्या अड्ड्यावर हैदराबादच्या ट्रकमध्ये चढताना लोकांनी पाहिला, त्या गोष्टीला तेरा-चौदा वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही. ती शेरवानी चाचांच्या दुकानात खुंटीला होती. उसवून नीट बेतली होती आणि गिऱ्हाइकाला काही दिली नव्हती.

मी प्रश्न लिहून धाडला. महिन्यानं उत्तर आलं: यंत्रात जागा एकाच माणसाची आहे, दुसऱ्याचं वजन त्याला पेलत नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दाखवताना मला वाईट वाटलं. चाचांनी दातानं दोरा तोडला.

"ठीक हाय," म्हणाले.

*

पुढं केंद्रानं जाहीर केलं की अमुक गुरुवारी शेवटचा भाग. अण्णारावांनी बोटांवर मोजून पाहिलं तर तो नेमका आमचा बुडणारा गुरुवार. मंडळाची फारशी हरकत नव्हती. शेवटी काय होणार, सुखरूप घरी येणार आणि भाकर गरम असणार.

चाचांनी मात्र लग्नसराईत दुकान बंद केलं. बॅटरी घेऊन लिंगाप्पाच्या ट्रकमध्ये बसले, सोलापूरला चार्जिंगच्या दुकानापुढं दोन दिवस बसून राहिले आणि भरलेली बॅटरी मांडीवर घेऊन गुरुवारी दुपारी परत आले. आतलं ॲसिड सांडून पायजम्याला भोकं पडली होती. शिंप्याचा पायजमा तसा भोकाचाच घालून ते संध्याकाळी आले आणि पहिल्यांदाच पुढं बसले. हातात काम नव्हतं.

शेवटचा भाग मात्र कुणालाच वाटला नव्हता तसा निघाला. प्रोफेसर मागच्या काळात जातो, तिथली माणसं त्याला आवडतात आणि तो तिथंच राहायचं ठरवतो. यंत्राचा खटका दाबून स्वतः बाहेर उडी मारतो. इकडं घरी यंत्र येऊन थांबतं. बायको दार उघडते, तर आत कुणी नाही. संगीत वाजलं आणि संपलं.

भिंतीपलीकडं भागीरथीकाकू म्हणाल्या, "मला ठावं व्हतं." अण्णाराव म्हणाले, "रस्त्याचं शेवटपातुर न्हाईच सांगितलं." लिंगाप्पाला गाडी ड्रायव्हरवाचून परत आल्याचं मुळीच पटलं नव्हतं. मंडळी उठून गेली. चाचा बसून होते.

मी कार्ड काढलं. दोन चौकोन, खाली तीन ओळी. त्या दिवशीचं मत त्यांचंच लिहायचं, असं मी ठरवलं होतं.

"चाचा, काय लिहू? आवडलं का नाही आवडलं?"

ते बंद पेटीकडं बघत म्हणाले,

"गाडी मोकळी आली, मास्तर. येताना येक मानूस बसला आसता."