रेंजची पालखी

आता तुम्ही विषय काढलाच आहे फजितीचा, तर चहा होईपर्यंत माझी ऐका. आमच्या आळीत अजून कुणी रेंज म्हटलं की लोक हात जोडतात. त्याला कारण मी.

माझे धाकटे दीर, सुरेशभाऊजी, मस्कतला नोकरीला. सुट्टीला आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी कुकिंग रेंज आणली. वर गॅसच्या चार शेगड्या, खाली विजेची भट्टी आणि मागे एक उभी पट्टी. पट्टीवर हिरवे आकडे आणि बोट टेकवलं की चालणारी बटणं. रत्नागिरीत तेव्हा अशी वस्तू कोणी पाहिली होती? भाऊजींनी भट्टीत केक करून दाखवला आणि ते परत गेले.

एवढी नाजूक वस्तू उघडी कशी ठेवायची? आमच्या घरात रेडिओला कव्हर, मिक्सरला कव्हर, पाण्याच्या फिल्टरलासुद्धा कव्हर. मी आठवडाभर खपून त्या पट्टीला क्रोशाचं कव्हर विणलं. घट्ट बसावं म्हणून इलॅस्टिक घातलं आणि खाली काचमण्यांची झालर सोडली. मग महिला मंडळात सांगून आले, "यंदा शिमग्याला पालखी आमच्याकडे येईल तेव्हा सगळ्यांना भट्टीतली नानकटाई."

दुसऱ्या दिवसापासून रेंज ओरडायला लागली. टीं टीं टीं. भट्टी काही तापेना. प्लग काढला की गप्प, लावला की पुन्हा टीं टीं.

सासूबाईंना ती रेंज मुळातच पसंत नव्हती. "अगो कुसुम, माझ्या जपाला ही बया ताल धरत्ये. पालखी येईपर्यंत गप्प झाली तर ठीक, नाहीतर गोठ्यात नेऊन ठेव."

गोठ्यात? मस्कतची रेंज? आणि मंडळाच्या वीस बायकांना मी काय तोंड दाखवणार होते?

मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बंड्याला बोलावलं. "पट्टीला तेलकट हात लावू नकोस बाबा, कव्हर पांढरं आहे," एवढं आधीच बजावलं. बिचारा रेंजच्या मागे शिरला आणि तासाभराने जाळी लागलेलं डोकं बाहेर काढून म्हणाला, "वहिनी, वरच्या पट्टीचं आणि खालच्या भट्टीचं बोलणं तुटलंय."

"भांडण कशावरून?"

"तसं नव्हे हो. पट्टीने सांगायचं आणि भट्टीने ऐकायचं, असं असतं. मधे निरोप अडकतोय."

मला ते लगेच पटलं. आमच्या घरात सासूबाई आणि आमचे हे यांचं बोलणं तुटतं, तेव्हा निरोप माझ्यातच अडकतो.

रविवारी भाऊजींचा फोन यायचा, तो समोरच्या काकूंकडे. आळीत फोन तेवढाच. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, रेंज सलग ओरडते की थांबून थांबून, ते मला ऐकायला हवं. त्यावरून बिघाड कळतो. पुढच्या रविवारी ऐकवा."

आता फोन काही रेंजकडे येणार नाही. "मग रेंज फोनकडे जाईल," हे म्हणाले. काकूंच्या अंगणात विहिरीच्या पंपासाठी मोठा प्लग पॉइंट होताच.

रविवारी ह्यांनी चार दांडगे गडी आणले. रेंजला दोन बांबू बांधले. धूळ बसू नये म्हणून वरून माझं जुनं लाल लुगडं पांघरलं. कव्हर तेवढं मी काढून पिशवीत घातलं. पांढरं ना ते.

आता गंमत अशी, की दिवस शिमग्याचे आणि चौघेही गडी पालखी नाचवणारे. खांद्यावर बांबू आल्यावर त्यांचे पाय ऐकतात होय? चार पावलं सरळ गेले आणि पुढे रेंज डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली, एकदा गरकन फिरली. भट्टीतला ट्रे आत झांजेसारखा वाजत होता.

"अरे हळू, काच आहे," मी मागून सांगत होते. ऐकतंय कोण?

दारादारांतून माणसं बाहेर आली. "पालखी आज कशी?" "अहो, आधी ओटी आणा." काकूंच्या अंगणात सासूबाई बसल्या होत्या. त्या रेंजचा आवाज नको म्हणून हल्ली दुपारी तिथेच असत. डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना लाल वस्त्र दिसलं, बांबू दिसले, आणि त्या तांदूळ-नारळ घेऊन पुढे झाल्या. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी ओटी भरून डोकं टेकवलंसुद्धा. "महाराजा, घरात तो टीं टीं करणारा राक्षस आहे, त्याला बाहेर काढ."

लुगडं सरकलं. खालून चार शेगड्या दिसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांनी प्लग लावून भट्टीचं बटण दाबलं. मी पडवीतल्या फोनचा रिसीव्हर ताणून रेंजपाशी धरला. रेंज गप्प. हिरवे आकडे शहाण्यासारखे लागलेले, भट्टी तापायला लागलेली.

"वहिनी, काही ऐकू येत नाही."

"ओरडतच नाही हो इथे."

"घरी होतं आणि तिथे नाही, असं काय आहे?"

"काही नाही. तुमची वस्तू मळू नये म्हणून मी कव्हर केलंय ना, ते फक्त काढलंय."



"घट्ट आहे का?"

"चांगलं इलॅस्टिक घातलंय."

"वहिनी, रात्रंदिवस तुम्ही बटण दाबून धरलं होतंत. त्यापायी ओरडत होती ती."

मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या नारळाकडे बघत होत्या. "ओटी भरल्ये मी तिची," त्या म्हणाल्या. "आता गोठ्यात कशी ठेवू?"

रेंज स्वयंपाकघरात राहिली. पालखी आली, नानकटाई झाली, सासूबाईंनी दोन जास्तच खाल्ल्या.

इथे थांबले असते तर बरं होतं. पण एवढं सुंदर कव्हर फुकट का घालवायचं? इलॅस्टिक काढलं, आकार थोडा बदलला आणि काकूंच्या उपकाराची आठवण म्हणून त्यांच्या फोनला नेऊन दिलं. पुढच्या रविवारी भाऊजींचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी काकूंनी लाइनमनला बोलावलं.

त्याने दोन बोटांनी झालर उचलली. "काकू, बिघाड काही नाही. रिसीव्हर कापडावर बसतोय, खालचं बटण दाबलंच जात नाही, म्हणून फोन कायम उचललेलाच राहतो. हे विणलंय कुणी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने घरी आले आणि हातातलं नवं काम उसवायला बसले. बंड्याच्या दुकानातल्या टेपरेकॉर्डरसाठी घेतलं होतं.