बाबांचं हसू

अर्धांगवायूनंतर माझ्या सासऱ्यांना एक विचित्र त्रास सुरू झाला. वाईट बातमी ऐकली की त्यांना हसू फुटायचं आणि नातीचं कौतुक ऐकलं की रडू. "ते त्यांच्या हातात नाही," उत्तरेतल्या आमच्या शहरातल्या, सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मनात एक असतं, चेहऱ्यावर भलतंच येतं." आम्हाला ते कळलं होतं. पण बाहेर किती जणांना समजावणार? बाबांनी माणसांत जाणंच सोडलं.

त्या थंडीत मिस्टर कामासाठी पुण्याला गेले होते. सकाळी त्यांचा फोन आला. साताऱ्याला मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गेले होते.

"मी इथून थेट निघतोय. बाबांना तूच सांग. आणि काकूंना व्हिडिओ कॉल लावू नकोस. घर माणसांनी भरलंय."

बाबा बाल्कनीत उन्हाला बसले होते. मी दारातच घुटमळले.

"मम्मा, बताया?" लेकीनं हळूच विचारलं.

मी बाबांजवळ जाऊन बसले आणि सांगून टाकलं. ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ थरथरले आणि मग हसूच फुटलं. मोठमोठ्यानं, खांदे गदगदत.

शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई वळल्या. "अंकल जी आज बड़े खुश हैं!"

बाबांनी चांगल्या हातानं तोंड दाबून धरलं. हसू थांबलं नाही. डोळे मात्र भेदरलेले होते.

जरा ओसरल्यावर ते अडखळत म्हणाले, "वहिनीला… फोन लाव."

"साधा लावते, बाबा."

"नको. तोंड दिसू दे."

"बाबा, तिथं सगळे जमलेत."

"मग काय… लपून बोलू?"

बाबा शाळेत होते तेव्हा काकू लग्न होऊन त्या घरात आल्या. बाबांना त्यांनीच वाढवलं. मला नाही म्हणता येईना.

काकूंचा सुकलेला चेहरा स्क्रीनवर आला. मागे बायका बसलेल्या. "वहिनी" म्हणायला बाबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा हसू सुरू झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, हसतात काय हे?"

मी फोन बंद करायला हात पुढे केला.

"ठेवू नकोस गं," काकू म्हणाल्या. मग मागे वळून बायकांवर कडाडल्या, "गप बसा. रडताहेत ते." आणि पुन्हा बाबांकडे बघून म्हणाल्या, "भावजी, येतंय तेवढं येऊ दे. मला कळतंय."

त्या बघतच राहिल्या. एकाएकी त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. सकाळपासून त्यांनी टिपूस काढलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तशात त्यांनाही हसू आलं.

"ह्यांनी बघितलं असतं ना, तर म्हणाले असते, मेल्यावरसुद्धा धाकटा मला हसतोय!"

दोघं किती तरी वेळ तसेच होते. लेक बाबांना बिलगून बसली होती. मी उठून आत गेले, पदर तोंडात धरून.

उन्हाळ्याच्या तोंडावर काकू आमच्याकडे राहायला आल्या. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी बाबांना पार्कात नेलं. बाकावर बाबांना हसू फुटलं, तेव्हा शेजारी बसलेले सरदारजी दचकून उठले.

"उनको ऐसाच होता है," काकूंनी सांगितलं. "आप बैठो ना."

सरदारजी बसले.