एकाच नावाचे दोघे

आमच्या कोटवाराला कोणाचंही नाव विचारलं, की तो आधी काठी उचलून दिशा दाखवायचा. उभा असायचा सौसरात, ऑफिसातल्या माझ्या टेबलासमोर. पण काठी बरोबर मोहगावकडे वळायची, कारण त्याचं गाव त्या रस्त्यावर. मग म्हणायचा, "नाव ठेव बाजूले. मानूस कोनता, थे सांग."

कोटवार म्हणजे गावातल्या जन्माची, मयतीची खबर ऑफिसात आणून देणारा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर. कुठलं ऑफिस ते विचारू नका, नोकरी अजून चालू आहे. दर मंगळवारी तो यायचा आणि खिशातली दोन संत्री थेट कीबोर्डवर ठेवायचा. मी चिडायचो, "काकाजी, रस सांडते ना त्यात." तो म्हणायचा, "मंग खाऊन टाक ना बाप्पा लौकर." मग मी ती खायचो.

एकदा त्यानं विचारलं, "काहून रे बाबू, तुया मशीनले मानूस ओयखू कसा येते?" मी शहाणपण पाजळलं. म्हटलं, प्रत्येकाची आत एक नोंद असते आणि नंबर त्या नोंदीकडे बोट दाखवतो. नाव सारखं असलं तरी नोंदी वेगळ्या. पण दोन नंबर एकाच नोंदीकडे बोट दाखवत असले, तर एकाचं खोडलं की दुसऱ्याचंही खोडलं जातं, कारण मुळात नोंद एकच. त्यानं जरा विचार केला. "म्हंजे माह्यासारखंच बोट दाखवते. फक्त गावात हिंडत नाइ." मी हसलो. खरं तर तेव्हाच माझे डोळे उघडायला हवे होते.

त्याच्या गावात दोन शामराव होते. दोघांच्याही बापाचं नाव महादेव. जन्मतारीख म्हणाल तर दोघांचीही एक जानेवारी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आपली तारीख ठाऊक नसते. लिहून घेणारा मग सगळ्यांनाच एक जानेवारीला जन्माला घालतो. याद्या साफ करायचं फर्मान आलं, तेव्हा कॉम्प्युटरनं या दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून विचारलं, हा एकच माणूस आहे का? मागे ढीगभर नोंदी तुंबलेल्या. मी 'हो' दाबलं आणि चहा यायच्या आत दोन शामरावांचा एक करून टाकला.

काही महिन्यांनी त्यातला एक वारला. कोटवारानं नेमानं खबर आणली, काठीनं दिशाही दाखवली. "नाल्यापलीकडचा शामराव." मी मान हलवली आणि मयत टाकली. नाल्याचा रकाना काही माझ्याकडे नव्हता.

मग एका सकाळी तो नाल्याअलीकडच्या शामरावाला हाताला धरून घेऊन आला. पोटात गाठ, पाच दिवसांवर नागपूरला ऑपरेशन, आणि दवाखान्यात इलाजाचं कार्ड लावलं तर मशीन म्हणते, हा माणूस मयत आहे. म्हातारा पोट धरून माझ्यासमोर बसला. "मी तं जेवून राहिलो, झोपून राहिलो," तो म्हणाला. "थे म्हनते, तू मेला. आता कोनाले सांगू?" मी घाईत काय करून ठेवलं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

बंद झालेली नोंद उघडायची तर पांढुर्ण्याला जिल्ह्याच्या साहेबांची सही लागते. कोटवार दोन दिवस हिंडला. दोन्ही महादेवांच्या मयतीचे जुने कागद काढले, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अंगठे घेतले. मग आम्ही तिघं साहेबांपुढे उभे राहिलो. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "गलती किसकी है?"

मी कोटवाराच्या काठीकडे बघत राहिलो. नोकरी कंत्राटी, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. कोटवारानं काठी बगलेत धरली. "मेरे बताने में गडबड हो गई, साहब." साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी सही झाली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काकाजी, तुम्ही तर बरोबर सांगितलं होतं."

"हाव ना," तो म्हणाला. "पन शामरावचं पोट दुखून राहिलं. तिथं आपन चूक कोनाची थेच करत बसलो असतो, तं सही कवा भेटली असती?"

मला तिथेच, बसस्टँडच्या रस्त्यावर रडू आलं. त्यानं पाहिलं आणि शामरावाला पाणी पाजायला घेऊन गेला. ऑपरेशन वेळेवर झालं. शामराव अजून आहे, संत्र्याच्या बागेत खाट टाकून पडलेला असतो. साहेबांना खरं काय ते मी आजवर सांगितलेलं नाही.

गेल्या श्रावणात त्या गावच्या पंचायतीतून मयतीचा कागद आला. त्यावर कोटवाराचं नाव होतं, बापाच्या नावासकट. कॉम्प्युटरवर टाकलं तर त्याच नावाचे, त्याच बापाचे दोघं निघाले. मी काहीच दाबलं नाही. गाडी काढली आणि त्याच्या गावाला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

अंगणात माणसं बसली होती. सौसरच्या ऑफिसातून आलो म्हटल्यावर त्याच्या बायकोनं मला ओळखलं. कागदात काही कमी राहिलं काय, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो.

"मंग इतल्या दूर काहून आले, बाबू?"

"त्या नावाचे दोघं आहेत ना, काकू," मी म्हणालो. "मला वाटलं, ते दुसरे असतील."