श्वास सोडायची तालीम

"बुडायचंच आहे तर विमानानं कशाला जायचं? इंद्रायणी आहे की इथं. रिक्षा जाते चऱ्होलीपर्यंत," धम्मरत्न म्हणाला आणि पोह्यांची रिकामी बशी त्यानं जरा जोरातच खाली ठेवली.

"पप्पा, बुडणं नाही हो. डायव्हिंग. सकाळपासून तुमचं तेच चाललंय."

"तुझंही तेच चाललंय. अंदमान बघू, ठीक. वाळूत बसू, नारळपाणी पिऊ, ठीक. टाकी पाठीला बांधून समुद्राच्या तळाशी जायचं काय नडलंय? आणि आईला इथं कोण बघणार?"

कोपऱ्यात मेथी निवडत बसलेल्या भिमाबाईंनी मान वर केली. "मला काय बगायचंय? मी काय टीव्ही हाय का?"

मिनल हसली, पण धम्मरत्न हसला नाही. दिघीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात भांडणं फार होत नसत. झालीच तर ती गुरुवारी व्हायची, कारण कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. मिनलची आई साधना आणि धम्मरत्न दोघंही त्या दिवशी घरी असत. मिनल तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला, तिला शनिवार-रविवार सुट्टी. आज ती घरून काम करत होती, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून भांडत होती. आई-वडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार, म्हणून डिसेंबरअखेर, साधनाच्या कंपनीचा शटडाऊन असताना, तिघांनी अंदमानला जायचं असं तिनं ठरवलं होतं. आजीला तेवढे दिवस नांदेडला आत्याकडे ठेवायचं. स्कूबा डायव्हिंग हे त्यातलं तिचं खास. आईसाठी.

आई मात्र ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती.

"मम्मी, तू तरी बघ. इकडे ये." मिनलनं फोन तिच्यापुढे धरला.

साधनानं पिठाचे हात वर धरून, मान पुढे काढून पाहिलं. निळ्या पाण्यात एक बाई तरंगत होती. तोंडात रबरी तोटी, पाठीला टाकी. भोवती पिवळे मासे. साधनाच्या कपाळाला आठी पडली.

"लीक आहे ही," ती म्हणाली.

"काय लीक आहे?"

"तिच्या तोंडातली ती वस्तू. बघ ना, किती बुडबुडे सुटलेत. एवढा लीक आमच्याकडे एकदाही पुढे गेला नसता. सरळ रिजेक्ट."

धम्मरत्ननं मांडीवर थाप मारली. "घ्या! क्वालिटीवाल्यांनीच नापास केलं. विषय संपला."

मिनलला हसण्यानं बोलता येईना. "अगं मम्मी, तो तिचा श्वास आहे. सोडलेला श्वास. बुडबुडे येतायत म्हणजे ती ठणठणीत आहे."

साधनाची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली होती, ती तिनं उलटली. पण संध्याकाळी गॅलरीत एकटी असताना तिनं तो व्हिडिओ मागून घेतला आणि पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्येही पाहिला.

साधनाचं काम समजल्याशिवाय तिची चूक समजायची नाही. चाकणच्या ज्या कंपनीत ती होती, तिथं मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या बनत. रंगाला जाण्याआधी प्रत्येक टाकी साधनासमोर यायची. तोंड बंद करून, आत हवा भरून, ती पाण्याच्या हौदात बुडवायची. साधना हौदावर वाकून बघायची. बुडबुडा आला नाही तर टाकी पुढे. आला, अगदी मोहरीएवढा, तरी डावा हात वर करायचा आणि लाल खूण करून टाकी बाजूला काढायची. मिनल शाळेत जायला लागली तेव्हापासून ती हेच करत होती.

ही नजर तिला सरूबाईंनी दिली. सरूबाई त्या हौदावरची जुनी बाई, आता निवृत्त होऊन गावी गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "पोरी, पाण्यावर तुझा श्वास पडू देऊ नको. पाणी हलतं, नजर फसते. टाकी खाली गेली की श्वास धरायचा, वर आली की सोडायचा." साधनानं ते इतकं अंगी बाणवलं की पुढे आठवायची गरजच उरली नाही. तिनं पुढे पाठवलेली टाकी परत आल्याचं कुणाला माहीत नव्हतं. सरूबाईंची आठवण ती अजून काढायची. ही बाई भेटली नसती तर मी महिनाभरही टिकले नसते, असं म्हणायची.

पण इतकी वर्षं पाण्यावर वाकून काढलेली ही बाई स्वतः कधी घोट्याच्या वर पाण्यात शिरली नव्हती. परभणीकडच्या तिच्या गावात नदी होती ती नावाला. इथं आल्यावर कंपनी, घर, कंपनी. त्या व्हिडिओतली बाई पाण्यात अशी आडवी पसरली होती, जणू तिला कुठंच जायचं नव्हतं. साधनाला ते फार हवंसं वाटलं. इतकं, की ते कुणाला सांगायचीही तिला लाज वाटली.

मिनलला मात्र ते कळलं. पुढच्या गुरुवारी रजा टाकून ती आईला चिंचवडच्या एका पोहण्याच्या तलावावर घेऊन गेली. तिथं समुद्रात जाणाऱ्यांची आधी तालीम घेत. शिकवणारी स्वरूपा नावाची उंच, सावळी, तिशीतली बाई होती. पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून साधना बाहेर आली आणि मिनलच्या मागे लपून उभी राहिली.

"ताई, छान दिसताय. लाजू नका, पाण्याला डोळे नसतात," स्वरूपा म्हणाली. "नियम बरेच आहेत, पण सगळ्यात मोठा एकच. श्वास कधीही धरायचा नाही. घ्यायचा, सोडायचा. घ्यायचा, सोडायचा. बाकी मी आहे."

साधनानं मान हलवली. किती सोपं होतं.

ती खाली गेली. पहिला श्वास घेतला, सोडला. तिच्या तोंडापासून बुडबुड्यांचा लोट उठला आणि चष्म्यासमोरून वर गेला. साधनाचा श्वास जागीच थांबला आणि डावा हात वर गेला.

काहीतरी बिघडलं असं समजून स्वरूपानं तिला वर काढलं. "काय झालं?"

"काही नाही. बुडबुडे दिसले," साधना ओशाळून म्हणाली.

पुन्हा खाली गेली. पुन्हा तेच. तिनं डोळे मिटून पाहिलं, तर घाबरायला झालं. उघडले, तर श्वास बंद. काठावर बसलेली मिनल आधी हसत होती, मग हसायची थांबली.

शेवटी स्वरूपानं तिला पायरीवर बसवलं. "ताई, तुम्हाला भीती नाहीये, हे मला दिसतंय. पण श्वास धरून कुणी वर आलं तर फुप्फुसांना इजा होते. हे असंच राहिलं तर मी समुद्रासाठी हो म्हणणार नाही, आणि तिथलेही म्हणणार नाहीत. पुढच्या गुरुवारी एकदा या. तेव्हाही जमलं नाही, तर आपण काचेच्या बोटीतून मासे बघायचे. त्यातही मजा असते."

काचेच्या बोटीतून. म्हणजे पुन्हा वरूनच.

घरी धम्मरत्ननं चहा ठेवला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "बरंच झालं. उगाच जिवाशी खेळ," आणि त्याच्या आवाजात इतका सुटकेचा सूर होता की साधनाला त्याचा राग आला आणि कीवही. हा माणूस तिच्या शिफ्टच्या वेळा पाठ ठेवणारा, बस चुकली तर स्कूटर काढून चाकणपर्यंत सोडणारा. तिला काही होईल या भीतीनंच तो सकाळ-संध्याकाळ इंद्रायणीचं नाव काढत होता.

साधना गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली. मागोमाग भिमाबाई गुडघ्यावर हात देत जिने चढून आल्या.

"रडायलीस का?"

"नाही हो, आत्याबाई." सासूला ती आत्याबाईच म्हणायची.

"मग नाकातून काय गळायलंय? तुझ्या कंपनीत चालंल का असली टाकी?"

साधनाला हसू फुटलं आणि हसता हसता तिनं सगळं सांगितलं. हौद, सरूबाई, थांबणारा श्वास. भिमाबाईंनी नीट ऐकून घेतलं. त्या अशाच होत्या. धम्मरत्नची आधीची कंपनी बंद पडली आणि चाकणला बायका घेताहेत असं कळलं, तेव्हा घरात आठ दिवस चर्चा चालली होती. भावकीतले म्हणाले, सून रात्रपाळीला जाणार का? भिमाबाईंनी फक्त पहाटे उठून साधनाचा डबा भरला आणि मिनलला स्वतःच्या कुशीत घेतलं. त्या घरात आभार मानायची रीत नव्हती. भाकरीचा पहिला पापुद्रा आलेला मऊ तुकडा साधना सासूच्या ताटात वाढायची, बस, तेवढंच.

"सवय हाय ना? मग सवयीला सवयच औषध," भिमाबाई म्हणाल्या. "टब घिऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर तालीम सुरू झाली. कपडे भिजवायचा मोठा निळा टब, मिनलनं मागवलेला पाण्याचा चष्मा आणि वाकडी नळी. साधना गुडघ्यांवर बसून तोंड पाण्यात घालायची. बाजूला स्टुलावर भिमाबाई, त्यांचा तळहात सुनेच्या पाठीवर.

"सोड... घे... सोड. थांबलीस! मला हाताला कळतंय. सोड म्हणते ना!"

शेजारची रंभा पापड वाळत घालायला आली आणि दारातच थबकली. "अगं बाई, भूत उतरवताय का काय?"

"आमच्यात भूत नस्तंय. सवय उतरवायलेय," भिमाबाई म्हणाल्या. "तू पापड घाल."

दोन दिवस काही जमलं नाही. नळीतून सोडलेली हवा वरच्या वर निघून जाते, बुडबुडे येत नाहीत, म्हणून साधना मुद्दाम नळी काढून पाण्यातच श्वास सोडायची. बुडबुडे उठले की छाती दगडासारखी व्हायची. मग पाठीवरचा हात दाबायचा. म्हातारा, खरखरीत, भांडी घासून सालटं निघालेला हात. हळूहळू साधनाचं लक्ष बुडबुड्यांवरून त्या हातावर गेलं. हात दाबला की सोडायचा. सैल पडला की तोंड वर करून घ्यायचा.

एकदा विसावा घेताना तिनं विचारलं, "तुम्ही कधी पोहलात का, आत्याबाई?"

"कुठं गं. आमच्या गावच्या हिरीला पायऱ्या हुत्या, पर आमाला न्हाई. आमी लांब उभं ऱ्हायचो. कुणाला दया आली तर वरून घागरीत वतायचा. कवा कवा ऊन उतरंस्तोवर उभं. शिरू कोन देनार?" त्या हे असं सांगत होत्या, जसं बाजारात भाजी कशी मिळाली ते सांगावं. "आन समुद्र तं टीव्हीतच बगितला. खारट असतो म्हनतेत. खरं का?"

"मीही चाखला नाही अजून."

"मग चाख की. तुला कुनी तरी ये, उतर म्हनायलंय. न्हाई म्हनू नको. घाल तोंड."

साधनानं तोंड पाण्यात घातलं. डोळ्यांतलं पाणी लपवायला याहून बरी जागा नव्हती.

गुरुवारी त्या दोघीच रिक्षानं चिंचवडला गेल्या. मिनलची मीटिंग होती. दारावरचा माणूस आजीला आत सोडायला तयार होईना, तेव्हा स्वरूपानं स्वतः खुर्ची आणून काठावर ठेवली. भिमाबाई नऊवारीचा काष्टा सावरून, पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तिच्या पाठीवर हात ठीव. हितं, मदोमद. थांबली की दाबायचं."

स्वरूपानं कुठलाही प्रश्न न विचारता ते ऐकलं.

साधना खाली गेली. पाणी कानांवरून मिटलं आणि सगळे आवाज दूर गेले. तिनं श्वास सोडला. बुडबुडे उठले, मोठे, चांदीसारखे, एकमेकांना ढकलत वर निघाले. छाती आवळली. पाठीवर हात दाबला गेला, आणि तिनं अडलेला श्वास पूर्ण सोडला. मग घेतला. सोडला. पुन्हा बुडबुडे. पुन्हा घेतला. मग कधीतरी स्वरूपानं हात काढून घेतला होता, ते तिला कळलंच नाही. ती तळाच्या फरश्यांवरून आडवी पुढे सरकत होती. वर पाहिलं तर हलत्या पाण्याच्या पलीकडे एक हिरवं लुगडं दिसत होतं, वाकून खाली बघणारं. आपण इतकी वर्षं जिथून बघत आलो, तिथून आता कुणीतरी आपल्याला बघतंय. साधनाला फार भरून आलं. सरूबाई, मिनल, स्कूटरवाला नवरा, ही काठावरची म्हातारी, या सगळ्यांनी मिळून आपल्याला इथवर आणून सोडलंय, असं तिला वाटलं. आणि असं वाटत असतानाही ती श्वास सोडत होती.

वर आल्यावर स्वरूपानं अंगठा आणि बोट जुळवून खूण केली. "आता मी हो म्हणते, ताई."

"नुसतं उकळायलं होतं बग पाणी," भिमाबाई म्हणाल्या. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. कधी खुर्ची सोडून त्या पहिल्या पायरीवर उतरल्या, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी आल्या तेव्हा धम्मरत्न दारातच होता. मिनलही नुकतीच आली होती. ओले केस आणि ओलं लुगडं पाहून काय ते दोघांना समजलं. धम्मरत्न म्हणाला, "जमलं तर. बरं. मी ताईला फोन करतो, आईला नांदेडला कधी आणून सोडायचं ते विचारतो."

"फोन करू नका," साधना पायातल्या चपला काढत म्हणाली. "आत्याबाई नांदेडला जाणार नाहीत, अंदमानला येणार आहेत. मी समुद्रात उतरणार आहे. मिनल, चार तिकिटं काढ. तुझ्या पप्पांना यायचं नसेल तर त्यांनी आत्ताच सांगावं, तीन काढू."