तिघींना वेगळं बसवणारे साहेब

"तुम्ही इथं बसा. तुम्ही तिकडं."

दोन माणसं एकदम घरी आली, की आमच्या शेजारच्या साहेबांचं पहिलं बोलणं हे. एकाला ओट्यावर बसवायचे, दुसऱ्याला स्वयंपाकघराच्या दाराशी. चहा दोघांना सारखाच. मग एकेकाजवळ जाऊन हळू आवाजात तोच प्रश्न विचारायचे. अशी सवय असलेलं माणूस तुम्ही कुठं पाहिलंय का? मी तर नाही पाहिलं.

साहेबांची सगळी नोकरी मुंबईत, एका परदेशी वकिलातीच्या व्हिसा खात्यात झाली. लोकांचे अर्ज तपासायचे, समोर बसवून विचारायचं आणि शेरा मारायचा. निवृत्त होऊन ते आमच्या अवसरीला आले, पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. एकदा समोरच्या घरातलं जोडपं तक्रार घेऊन आलं, सामाईक पाण्याची मोटार रात्रभर दुसऱ्याच कुणी चालू ठेवली म्हणून. साहेबांनी दोघांना वेगळं बसवलं. थोड्या वेळानं ओट्यावर येऊन म्हणाले, "वहिनी, मोटार दोघांनीही बंद केली नाही. दोघांची उत्तरं शब्दाला शब्द जुळतात. घरून पाठ करून आलेत!"

मला मोठं नवल वाटायचं. मी म्हणायचे, "साहेब, जुळलं तर चांगलंच की!"

"गोष्ट जुळावी, वहिनी. शब्द जुळू नयेत."

जुन्नरकडचे काही द्राक्ष बागायतदार एकदा त्यांच्यापुढं आले होते म्हणे. परदेशातली शीतगृहं बघायला निघालेले. प्रत्येक जण म्हणाला, "तंत्रज्ञानाचं अवलोकन करण्यासाठी." साहेबांनी शेवटच्याला विचारलं, अवलोकन म्हणजे काय करणार? तो म्हणाला, "ते आमच्या मास्तरांनी लिहून दिलंय, राव, त्यांनाच इचारा." हे सांगताना साहेब इतके हसायचे की चष्मा काढून पुसावा लागायचा.

हे सगळं गमतीचं होतं, आमच्याच घरावर येईपर्यंत.

माझ्या दोन सुना, थोरली आणि धाकटी, नाचणीची बिस्किटं करतात. नाचणी येते तळेघरच्या चिमाबाईकडून. तीही धंद्यात बरोबरीची भागीदार. एका परदेशी दुकानदारानं तिघींना तिकडच्या प्रदर्शनाला बोलावलं. त्याला माल पसंत पडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. तिघींचे अर्ज एकदम करायचं ठरलं आणि आम्ही साहेबांच्या ओट्यावर गेलो.

"एकाच आमंत्रणावरचे अर्ज आले, की आम्ही ते एकत्र वाचायचो," साहेब म्हणाले. "निकाल मात्र ज्याचा त्याचा वेगळा. पण एकात काही खटकलं, तर बाकीच्यांकडंही पुन्हा बघायचं. ही माणसं खरंच मिळून धंदा करतात, का एकाच्या आडून दुसरा चाललाय? आणि परत येणार का? एवढंच शोधायचं असतं."

मग सराव सुरू झाला. त्यांनी धाकटीला विचारलं, "बिस्किटाला पीठ कसं भाजता?"

धाकटीनं पदर सावरला. "जाऊबाई सांगतील."

"अहो, पीठ तुम्ही भाजता ना?"

"व्हय, पर मोठ्या हायेत त्या. त्यांच्या आदी कसं बोलू?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, व्हिसा जाऊबाईंचा नाही, तुमचा आहे! असं बोललात तर वकिलातीतल्यांना वाटेल तुम्हाला नुसतंच बरोबर घेतलंय."

चिमाबाई तर तोंडच उघडेना. त्या दिवशी घरी आल्यावर थोरली मला म्हणाली, "आत्या, चिमाबाईला मागं ठिऊ. तिच्यापायी आमचं दोघींचं अडकायचं." मलाही ते पटायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांनाही तेच सांगितलं.

साहेब तिच्याकडं बघतच राहिले. "नाचणी कुणाची?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी तिघींना वेगळं बसवलं. थोरली ओट्यावर, धाकटी अंगणातल्या तगरीखाली, चिमाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी. चिमाबाईजवळ जाऊन ते खाली जमिनीवरच बसले. "तुम्ही परत का येणार?"

ती पहिल्यांदा मान वर करून बोलली. "का म्हंजी? भात काढाया कोन हाय? आन म्हस माज्याबिगर कुनाला पान्हवत न्हाई."

"असंच सांगा," साहेब म्हणाले. "एक शब्दही बदलू नका."

मुंबईला मुलाखती झाल्या. धाकटी पिठावर इतकं बोलली, की काचेपलीकडच्या अधिकारी बाईनंच तिला थांबवलं. थोरली मात्र काचेपाशी जाऊन म्हणाली, "तिघींचं मीच सांगते." धाकटीचा आणि चिमाबाईचा व्हिसा आधी आला. थोरलीला पुन्हा बोलावलं, तिचा नंतर आला. तेवढे दिवस ती नीट जेवली नाही. घरात कुणी तिला चिडवलं नाही, पण साहेबांनी तेवढं विचारलं, "काय मग, कुणामुळं कोण अडकलं?" थोरली लाजून हसली.

तिघी तिकडं गेल्या आणि इकडं साहेब गेले. साधा ताप होता, तोच वाढला. पोरींना फोनवर सांगायचं नाही असं मीच ठरवलं. परक्या मुलखात त्यांना डोकं टेकून रडायलाही कुणी नव्हतं.

काम मिळवून आल्या त्या. गाडीतून उतरून, पिशव्या घेऊन तशाच साहेबांच्या दारात. "काका!" अशी धाकटीनं हाक मारली. मी साहेबांचं घर झाडत होते, ती आतून बाहेर आले. माझ्याकडं बघून त्यांना कळलंच.

थोरली ओट्यावर टेकली, धाकटी तगरीखाली, चिमाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी. कुणी सांगितलं नव्हतं बसायला.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी एकेकीजवळ गेले आणि हळूच विचारलं, तिकडं काय पाहिलंस? थोरलीनं दुकानदाराचं गोदाम सांगितलं. धाकटीनं भट्ट्या सांगितल्या. चिमाबाई म्हणाली, "तिकडं म्हशी न्हाईत."

मग विचारलं, आता काय राहिलं?

"काकांना सांगायचं राह्यलं," थोरली म्हणाली.

"काकांना सांगायचं राह्यलं," तगरीखालून धाकटी.

दाराशी चिमाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि तेच म्हणाली, शब्दाला शब्द.