प्रज्ञाचा न भरलेला अर्ज

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मला नीट कळत नाही.

प्रज्ञा आणि मी नागपूरला एकाच सरांकडे रसायनशास्त्रात पीएचडीला होतो. मी चंद्रपूरला ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, ती गडचिरोलीकडच्या चामोर्शीची. माझे प्रयोग सारखे फसायचे. मग सर तिला हाक मारायचे, "प्रज्ञा, जरा हिचं बघ गं." ती यायची, पाच मिनिटांत चूक शोधायची, वर हसून म्हणायची, "होते असं, माह्यंबी होते." तिचं होत नसे. ते हसणं — ते मला सहन व्हायचं नाही.

पीएचडी अर्धवट सोडून मी कायद्याला गेले, पेटंटचं काम शिकले. लोकांना सांगत आले, मला कायद्याची आवड. कसली आवड? मला तिच्या शेजारच्या टेबलावरून उठायचं होतं.

पुढे ती गडचिरोलीच्या कॉलेजात शिकवायला लागली, आणि एक दिवस माझ्या चंद्रपूरच्या ऑफिसात आली. वडशाच्या राइस मिलमधली भाताच्या तुसाची राख तिने अशी काही भाजली होती, की बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड तीत अडकायचं. "पोराइचे दात पिवळे पडून राह्यले, त्याच्यासाठी," म्हणाली. वही पुढे ठेवली. "तूच पाहून सांग. पेटंट होते का नाई?"

परदेशातलं एक जुनं पेटंट मला सापडलं — राख तीच, पण रीत निराळी. तिची रीत कुणीच केलेली नव्हती. हे मला पहिल्याच वाचनात कळलं. आणि कळल्याबरोबर आनंद व्हायला हवा होता ना? मला आठवलं ते टेबल. पुन्हा तीच पुढे.

मी फोनवर सांगितलं, "आधीच झालंय गं. अर्ज टिकणार नाही."

ती म्हणाली, "तू पाह्यलं ना? मग झालं." दुसऱ्या कुणाला तिने विचारलंसुद्धा नाही. पेटंट नाही तर नाही, म्हणून तशीच चार शाळांत त्या राखेच्या पाणी-गाळण्या बसवून आली.

काही वर्षांनी एका कंपनीला जवळजवळ त्याच रीतीचं पेटंट मिळालं. नोटीस येईल या भीतीने कॉलेजने तिला गाळण्या काढायला लावल्या. तिचा फोन आला. "त्याइले काऊन भेटलं?"

कंपनीच्या अर्जाआधीपासून शाळांत चालू असलेल्या त्या गाळण्या दाखवून तिला त्या पेटंटला हरकत घेता आली असती. मुदतही होती. मी म्हटलं, "मोठे वकील असतात त्यांच्याकडे."

"जाऊ दे," — उलट तीच मला समजावायला लागली — "तुह्या हातात काय होतं?"

तिचा आवाज पडलेला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं असेल, असं तुम्ही धरून चालाल.

मला बरं वाटलं.